स्वभाव ओळखा, मग फोन आवरा

‘फोनमधून इन्स्टाग्राम काढून टाका, व्हॉट्सॲप दिवसातून दोनदाच पाहा, झोपायच्या खोलीत फोन नेऊ नका.’ असले सल्ले वाचले की सुरतेतल्या मराठी माणसाला हसू येतं. रिंग रोडच्या टेक्स्टाइल मार्केटमध्ये नव्या साडीचा फोटो आधी ग्रुपवर पडतो, माल गाठोड्यातून नंतर सुटतो. लिंबायत, डिंडोली, गोडादरा भागांत घरी बसून साड्यांना लेस लावणाऱ्या, टिकल्या चिकटवणाऱ्या बायकांना कामाचा निरोप फोनवरच येतो. त्यांतल्याच काही जणी संध्याकाळी फेसबुकवर लाइव्ह येऊन साड्या विकतात. जळगाव, धुळे, नंदुरबारकडून तापी लाइनने आलेल्या या कुटुंबांचं गावही आता फोनमध्येच आहे. भाऊबंदांचा ग्रुप, अहिराणी गाण्यांच्या रील, कानबाईच्या मिरवणुकीचे व्हिडिओ, सगळं त्यात. आणि झोपायची वेगळी खोली किती घरांत असते?

तेव्हा फोन सोडा, हा सल्ला इथे चालणार नाही. माझं म्हणणं वेगळं आहे. फोनवर किती तास जातात हे मोजण्याआधी, तो आपल्या स्वभावाची कोणती बाजू धरून आपल्याला बसवून ठेवतो हे शोधावं. चिंता करणाऱ्याचा उपाय निराळा आणि गप्पिष्टाचा निराळा. सगळ्यांना एकच औषध दिल्यामुळे बहुतेकांचे निश्चय आठवड्याभरात मोडतात.

आधी आपल्याला त्रास आहे का, ते पाहू. इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅम ट्रेंट विद्यापीठाचे मार्क ग्रिफिथ्स यांनी २००५ मध्ये कोणत्याही सवयीचं व्यसन होताना दिसणारी सहा लक्षणं एकत्र मांडली. त्यांच्या आधारे नॉर्वेतल्या बर्गेन विद्यापीठाच्या सेसिली आंद्रेआसेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये फेसबुकसाठी आणि २०१६ मध्ये एकूणच सोशल मीडियासाठी सहा प्रश्नांची मोजपट्टी केली. तिचा गाभा इथे माझ्या शब्दांत देतो. गेलं वर्ष डोळ्यांसमोर आणा. हात मशीनवर असताना मन फोनमध्ये असतं का? पूर्वी जेवढ्यावर भागायचं तेवढ्यावर आता भागत नाही, असं होतं का? शेठ बोलला, घरात वाजलं, की ते विसरायला फोन उघडता का? कमी करायचं ठरवून पुन्हा पहिल्यासारखंच झालं का? नेट बंद पडलं किंवा रिचार्ज संपलं की चिडचिड होते का? आणि यापायी काम, अभ्यास किंवा नात्याचं नुकसान झालं आहे का? प्रत्येक प्रश्नाला ‘अगदी क्वचित’ला १ आणि ‘फार वेळा’ला ५ असे गुण द्या. सहापैकी चार प्रश्नांना ३ किंवा त्याहून जास्त गुण पडले, तर गोष्ट मनावर घ्यावी.

मनावर घ्यावी म्हणजे घाबरावं असं नाही. ही चाळणी आहे, रोगनिदान नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेच्या, जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या आजारांच्या अकराव्या यादीत व्हिडिओ गेमच्या विकाराला जागा मिळाली, सोशल मीडियाला मिळालेली नाही. म्हणून अभ्यासक ‘समस्याजनक वापर’ असा बेताचा शब्द वापरतात. एमी ऑर्बेन आणि अँड्र्यू शिबिल्स्की यांनी २०१९ मध्ये तीन मोठ्या पाहण्यांतल्या साडेतीन लाखांहून जास्त किशोरवयीनांची माहिती तपासली. मुलांच्या मनःस्वास्थ्यात जो फरक दिसतो त्यातला फार तर ०.४ टक्के भाग डिजिटल साधनांच्या वापराशी जोडता येतो, असं त्यांना आढळलं. पिढी बिघडली म्हणून ओरडणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा. पण ही सरासरी आहे. दहा जणांना काहीच होत नाही आणि अकराव्याची झोप उडते, तेव्हा सरासरी छोटीच निघते. प्रश्न त्या अकराव्याचा आहे.

यंत्र मात्र सगळ्यांसाठी सारखंच आहे. बक्षीस दर वेळी न मिळता अधूनमधून, केव्हाही अचानक मिळालं की प्राणी कळ दाबतच राहतो, हे बी. एफ. स्किनर यांनी उंदीर आणि कबुतरांवरच्या प्रयोगांत दाखवलं होतं. फेसबुकवर लाइकचं बटण फेब्रुवारी २००९ मध्ये आलं आणि ते अधूनमधूनचं बक्षीस आपल्या खिशात आलं. त्याआधी २००६ मध्ये एझा रस्किन यांनी पान कधीच न संपणारा स्क्रोल बनवला होता. पुढे त्यांनी त्याबद्दल जाहीर खंतही व्यक्त केली. लूमवर ताका भरला की तो कापून उतरवावा लागतो, तेवढी तरी उसंत मिळते. इथे ताका कधी भरतच नाही.

हेच यंत्र एकाला धरतं आणि दुसऱ्याला सोडतं, त्याचं एक कारण स्वभावात सापडतं. मानसशास्त्रात माणसाचा स्वभाव पाच अंगांनी मोजण्याची रीत आहे: चिंताळूपणा, काटेकोरपणा, बहिर्मुखता, जुळवून घेण्याची वृत्ती आणि नव्याची ओढ. प्रत्येकात ही पाचही असतात, प्रमाण वेगळं. चिंताळूपणा जास्त आणि काटेकोरपणा कमी असेल तर सोशल मीडियाचा वापर हाताबाहेर जाण्याचा संभव वाढतो, हे बऱ्याच देशांतल्या अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसलं आहे. बहिर्मुखतेबद्दलचे निष्कर्ष एकसारखे नाहीत. आंद्रेआसेन आणि सहकाऱ्यांनी नॉर्वेतल्या २३,५३२ जणांची पाहणी २०१७ मध्ये प्रसिद्ध केली. तीत तरुण वय, स्त्री असणं, जोडीदार नसणं, स्वतःबद्दल कमी आदर आणि जास्त आत्मप्रेम या गोष्टी व्यसनी वापराबरोबर आढळल्या. अर्थात बरोबर आढळणं वेगळं आणि कारण असणं वेगळं. चिंता करणारा फोनकडे वळतो आणि फोन चिंता वाढवतो, दोन्ही घडतं. आधी कोण, यावर वाद घालत बसण्यात आपल्याला काही मिळणार नाही.

चिंताळू स्वभावाबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण गाव सोडून आलेल्या घरांत तो जास्त ठसठसतो. आई शिंदखेड्याला, भाऊ नाशिकला, मुलगी सासरी. ग्रुपवर नुसतं ‘फोन कर’ एवढं दिसलं तरी पोटात गोळा येतो. अशी व्यक्ती मजेसाठी फोन पाहतच नाही. काही वाईट घडलेलं नाही ना, याची खात्री करायला पाहते. खात्री झाली की क्षणभर हायसं वाटतं, आणि ते हायसं वाटणंच पुढच्या वेळी हात फोनकडे नेतं. तिला ‘दिवसाला एक तास’ अशी मर्यादा घातली की चिंता वाढते. तिच्यासाठी पहिलं काम, खबर मिळण्याची वाट ठरवून टाकणं. गावाकडे रोज ठरलेल्या वेळी आवाजाचा फोन, भले तीन मिनिटांचा. घरच्यांना सांगून ठेवायचं की तातडीचं काही असेल तर कॉल करा, मेसेज नको. मग ग्रुप म्यूट करायला भीती वाटत नाही. ब्लू टिक आणि ‘लास्ट सीन’ बंद करा. ‘वाचलं तरी उत्तर नाही’ या विचाराचं खाद्यच संपतं.

दुसरं काम विचारांचं. अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ मानसोपचारपद्धती मराठी वाचकांना कि. मो. फडके यांच्या लिखाणातून माहीत आहे. तिच्यातली एक साधी युक्ती इथे चपखल बसते. ‘मला आत्ता कळलंच पाहिजे’ या वाक्यातला ‘च’ पकडायचा. ‘आत्ता कळलं तर बरं, नाही कळलं तर दहा मिनिटं अस्वस्थ वाटेल, आणि ते मला सोसवेल.’ हे वाक्य मनात म्हणून खरोखर दहा मिनिटं थांबायचं. सुरुवातीला दहा मिनिटं फार लांब वाटतात. अस्वस्थता चढते, टिकते आणि फोनला हात न लावता उतरतेही, हे स्वतः अनुभवल्याशिवाय पटत नाही. कुणी सांगून तर नाहीच. रोज एकदा एवढा सराव पुरे.

ढिसाळ किंवा आवेगी स्वभावाची गोष्ट उलटी. इथे चिंता नसते, नुसता हात जातो. पाळीवरून आल्यावर पाच मिनिटं म्हणून रील लावलं आणि एक वाजला. अशा माणसाला उपदेश करणं निरुपयोगी, कारण त्याला सगळं पटलेलंच असतं. त्याने आपल्या इच्छाशक्तीवर भिस्त ठेवू नये, अडथळे उभारावेत. स्क्रीन काळी-पांढरी करा. रंग गेले की निम्मी गंमत जाते. इन्स्टाग्राम पहिल्या पानावरून हलवा, दर वेळी लॉगआउट करा, पासवर्ड लांबलचक ठेवा. यूट्यूबवर आधीची हिस्ट्री पुसून नोंद बंद केली की पहिल्या पानावर सुचवलेले व्हिडिओ येत नाहीत. हवं ते शोधूनच पाहावं लागतं. ॲपला वेळेची मर्यादा लावायची तर तिचा पिन बायकोने किंवा बहिणीने टाकावा, आपण नाही. एकाच खोलीचं घर असेल तर रात्री फोन माळ्यावर किंवा पिठाच्या डब्यामागे जाऊ दे, अंथरुणातून उठावं लागेल एवढ्या अंतरावर. सकाळच्या गजरासाठी साधं घड्याळ घ्या. ‘गजर लावायचा असतो ना’ ही सबब मी फार ऐकली आहे.

शिवाय ‘कमी पाहीन’ असा मोघम संकल्प करू नका. पीटर गोलवित्झर या जर्मन मानसशास्त्रज्ञांनी १९९९ मध्ये मांडलेली ‘जर-तर’ पद्धत चांगली टिकते. ‘रिसेस पडली तर आधी डबा, हात धुतल्यावर फोन.’ ‘उधना स्टेशन आलं की फोन खिशात.’ वेळ आणि जागा ठरलेली असली की दर वेळी मनाशी भांडावं लागत नाही. काटेकोरपणा वयाबरोबर थोडाथोडा वाढतो, असंही अभ्यास सांगतात. वीस वर्षांच्या पोराला ‘तू असाच राहणार’ असं म्हणू नये.

गप्पिष्ट माणसाला माणसं हवी असतात आणि त्यात गैर काही नाही. त्याच्याकडून फोन काढून घ्याल तर त्याच्या हाती माणसं द्यावी लागतील. मंडळ, भजन, क्रिकेट, काहीही. एवढं झालं तर त्याची निम्मी स्क्रीन आपोआप सुटते.

आता स्वतःच्या प्रतिमेचा प्रश्न. इथे दोन टोकं दिसतात. एक, आपण कुणीतरी विशेष आहोत हे जगाने रोज सांगावं असं वाटणारा. दुसरा, आपण काहीच नाही असं वाटून इतरांचे फोटो पाहत झुरणारा. लिऑन फेस्टिंगर यांनी १९५४ मध्येच म्हटलं होतं की मोजायला पक्कं माप नसलं की माणूस स्वतःला शेजाऱ्याशी ताडून पाहतो. फोनने शेजारी वाढवले, एवढंच. झुरणाऱ्याने ज्या खात्यांमुळे पोटात दुखतं ती नावं कागदावर लिहून अनफॉलो करावीत. नात्यातली असतील तर म्यूट करावीत, त्यांना कळत नाही. इन्स्टाग्रामवर लाइकचा आकडा लपवण्याची सोय २०२१ पासून आहे, ती वापरावी. रील बनवणाऱ्यांना मात्र एका तारखेची आठवण करून द्यायला हवी: २९ जून २०२०. त्या दिवशी केंद्र सरकारने टिकटॉकसह ५९ ॲपवर बंदी घातली. खानदेशातल्या आणि सुरतेतल्या कितीतरी पोरांनी कष्टाने जमवलेले चाहते पाहता पाहता गेले. कला त्यांचीच होती, ज्यांनी मंच बदलला ते पुढे यूट्यूबवर दिसलेही. पण ज्यांनी स्वतःची किंमत त्या आकड्यावर ठरवली होती, त्यांना सावरायला वेळ लागला. आकडा आपल्या मालकीचा नसतो, कंपनीचा असतो.

सगळ्यांशी जुळवून घेणारा स्वभाव सहसा यातून वाचवतो असं अभ्यास म्हणतात. आपल्याकडे मात्र त्याची एक वेगळी पंचाईत आहे: मामांच्या ‘शुभ सकाळ’ला अंगठा दिला नाही तर ते लग्नात बोलून दाखवतील. ‘मी ग्रुप रात्री एकदाच पाहतो’ असं एकदा सगळ्यांना सांगून टाका. मामा चार दिवस रुसतील.

आता धंद्याचं. ज्यांचं पोट फोनवर आहे त्यांनी दुकान आणि बाकीचा फोन वेगळा करावा, एवढं केलं तरी बरंच साधतं. दुसरं सिम घ्या, त्यावर व्हॉट्सॲप बिझनेस टाका. त्यात दुकानाच्या वेळा लिहिता येतात, आणि वेळेबाहेर पार्टीला आपोआप उत्तर जाईल अशी सोय असते. रात्री अकराला ‘भाव बोलो’ असा मेसेज आला तर त्याला सकाळी उत्तर मिळेल हे कळतं आणि ग्राहक सहसा पळत नाही. जो त्यामुळे पळतो तो पेमेंटलाही त्रास देणारच, असा व्यापाऱ्यांचा होरा आहे. फोटो टाकायची वेळ ठरवा, लाइव्हची वेळ ठरवा, आणि फोन उघडण्याआधी कशासाठी उघडतो ते तोंडाने म्हणा: ‘तीन पार्सलचे नंबर पाठवायचे.’ पाठवले की बंद. बोलून दाखवायला लाज वाटते हेच त्याचं औषध. आणि व्ह्यूंचा हिशोब ठेवू नका, ऑर्डरींचा ठेवा, तोही वहीत, आठवड्यातून एकदा. पाच हजारांनी पाहिलेल्या लाइव्हमधून चार साड्या गेल्या असतील तर ती करमणूक झाली, धंदा नव्हे. हे लिहिलेलं दिसलं की रात्रीचा मोह कमी होतो.

पूर्ण सोडायची गरज नसते, याला प्रयोगाचा आधारही आहे. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात मेलिसा हंट यांनी १४३ विद्यार्थ्यांवर केलेला अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. एका गटाने तीन आठवडे फेसबुक, इन्स्टाग्राम आणि स्नॅपचॅट मिळून दिवसाला साधारण अर्धा तास वापरलं. त्यांचा एकटेपणा आणि खिन्नता कमी झाली. गंमत म्हणजे, ज्या गटाने काहीच कमी केलं नाही, फक्त आपल्या वापराची नोंद पाठवली, त्यांचीही चिंता आणि ‘आपलं काही हुकतंय’ ही भावना उतरली. म्हणून दोन आठवडे नुसती नोंद ठेवा. बहुतेक अँड्रॉइड फोनच्या सेटिंगमध्ये आणि आयफोनमध्ये वापराचे आकडे दिसतात. त्याशेजारी वहीत एकच शब्द लिहा: काळजी, कंटाळा, एकटेपणा, हेवा, काम. कोणता शब्द जास्त वेळा आला त्यावरून वरचा कोणता उपाय तुमचा, ते ठरतं.

मुलांच्या बाबतीत घरोघरी एकच चूक होते: फोन हिसकावून घेणं. आई-बाप दोघंही कामावर, मूल महापालिकेच्या मराठी शाळेतून येऊन एकटं, आणि फोन हाच सोबती. तो काढून घेतला तर जागा रिकामी राहते. एकट्या घराने हे करणं अवघडही जातं, कारण शेजारच्या पोराकडे फोन असतोच. म्हणून सांगली जिल्ह्यातल्या कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाने ऑगस्ट २०२२ पासून जे केलं ते मला पटतं. संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजतो, दीड तास घरोघरी टीव्ही आणि मोबाइल बंद, साडेआठला पुन्हा भोंगा. मुलं अभ्यास करतात, मोठी माणसं गप्पा मारतात किंवा वाचतात. फोनला हात लावायचा नाही हा नियम बापालाही आहे, म्हणून मुलाला तो शिक्षा वाटत नाही. सुरतेत सगळ्या पाळ्या एका वेळी सुटत नाहीत, अख्ख्या वस्तीला एकच तास जमणार नाही. पण एका गल्लीला, एका सोसायटीला जमेल. उधना-लिंबायतच्या गणेश मंडळांनी दहा दिवस करून पाहावं. भोंगा त्यांच्याकडे आहेच.

काही वेळा घरगुती उपाय पुरत नाहीत. झोप आठवडेच्या आठवडे बिघडली, कामावर खाडे पडू लागले, ऑनलाइन जुगारात किंवा फसवणुकीत पैसे गेले, मूल शाळेला नाही म्हणू लागलं, किंवा जगण्यात अर्थ नाही असं कुणी बोललं, तर वाट पाहू नका. फोनच्या आड पुष्कळदा नैराश्य, लोकांत जाण्याची भीती किंवा चित्त एकाग्र न होण्याचा विकार दडलेला असतो. त्यावर उपचार झाले की फोन सुटणंही सोपं होतं. बेंगळुरूच्या निम्हान्स संस्थेत तंत्रज्ञानाच्या वापराविषयीचं खास क्लिनिक २०१४ पासून चालतं. सुरतेत मजुरा गेटजवळच्या नव्या सिव्हिलमध्ये आणि उमरवाड्यातल्या महापालिकेच्या स्मीमेर रुग्णालयात मानसोपचार विभाग आहेत. तिथे जायला संकोच वाटत असेल तर केंद्र सरकारची टेलिमानस सेवा आहे. ती ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, चोवीस तास आणि विनामूल्य चालते, मराठीत आणि गुजरातीतही बोलता येतं. तिचा क्रमांक १४४१६. तो आत्ताच फोनमध्ये साठवून ठेवा.